पाण्याचा एक रेणू

नवरा-बायको दोघंही एकाच संस्थेत रसायनशास्त्रातले. तो खाली प्रयोगशाळेत लेसरपाशी, ती वरच्या मजल्यावर संगणकापाशी. त्यानं बनवलेल्या एका रेणूवर अदृश्य अतिनील प्रकाश टाकला की द्रावण हिरवं उजळायचं. त्याचं म्हणणं असं, की प्रकाश पडताच रेणूतला प्रोटॉन ऑक्सिजनला सोडून शेजारच्या नायट्रोजनकडे उडी मारतो, तीही कुणाच्या मदतीशिवाय. हिरवा रंग हा त्याचा पुरावा. या शोधानं त्याचं नाव झालं. विद्यार्थी पाठीमागे त्याला ‘हिरवे सर’ म्हणत, आणि ते त्याला मनापासून आवडायचं.

“आता तू ती उडी गणितानं दाखव,” तोच तिच्या मागे लागला. “लग्नाच्या पत्रिकेनंतर पहिल्यांदाच आपली नावं शेजारी शेजारी छापून येतील!”

ती हौसेनं कामाला लागली. पण गणित काही केल्या जुळेना. प्रोटॉनच्या वाटेत ऊर्जेचा मोठा चढ आडवा येत होता. तिनं पद्धती बदलल्या, स्वतःचीच चूक शोधून शोधून डोळे शिणवले. शेवटी सहज म्हणून रेणूशेजारी पाण्याचा एक रेणू ठेवून पाहिला, तर चढ जवळजवळ सपाट! पाणी एका बाजूनं प्रोटॉन घेत होतं, दुसऱ्या बाजूनं आपला देत होतं. म्हणजे उडी कुणाच्या मदतीशिवाय नव्हतीच.

संध्याकाळी भाजी चिरता चिरता तिनं विषय काढला. “अरे, तुझ्या द्रावणात ओल तर नसेल ना?”

तो हसला. मग तिचा चेहरा पाहून गंभीर झाला. “तुझं गणित चुकलंय.”

“चुकलं असतं तर बरं झालं असतं रे.”

त्यानं द्रावक नव्यानं, अगदी कोरडा ठणठणीत करून घेतला आणि प्रयोग पुन्हा केला. हिरवा रंग आलाच नाही. नुसती फिकट जांभळी झाक. घरी आल्यावर बूट न काढताच म्हणाला, “तुझंच बरोबर.” त्या शोधाचा छापलेला पेपर त्यानं आपणहून मागे घेतला, जराही खळखळ न करता. तिला त्याचा इतका अभिमान वाटला, की तिनं त्याला जवळ घेऊ पाहिलं. तो बाजूला सरकला.

मग तो तिच्याशी कामाचं बोलेनासा झाला, हळूहळू कशाचंच. शेवटी त्यानं दूरच्या एका कॉलेजात नोकरी धरली.

“राग नाही गं तुझ्यावर,” बॅग उचलताना तो म्हणाला. “पण तुझ्याकडे पाहिलं की मला माझी चूकच दिसते. काय करू?”

“मीही येते.”

“नको.”

तिचा पेपर छापून आला. त्यावर आपलं नाव घालायला त्यानं नकार कळवला होता. त्या दिवशी सासूबाईंचा फोन आला. “अगं, थोडं खोटं बोलली असतीस तर?”

“त्यानं ओळखलं असतं, आई. आणि मग तर...”

तिला रडू फुटलं. सासूबाईंनी फोन ठेवला नाही. दोघी तशाच, बराच वेळ, एकमेकींचं रडणं ऐकत बसून राहिल्या.