जाड ऑइल

नणंद-भावजयीत मिळून एकच गाडी होती. सकाळी नणंद आणि दुपारनंतर भावजय, दोघी तिच्यातून दवाखान्यांतले रक्ताचे नमुने लॅबला पोहोचवायच्या. सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि ब्रेकवरून पाय उचलला की पुन्हा सुरू. नणंदेला हे मुळीच खपत नसे. गाडीत बसल्याबरोबर ती बटण दाबून ते बंद करी. भावजय मात्र चालू ठेवी. थोडं पेट्रोल वाचावं म्हणून, आणि जास्त नणंदेला झोंबावं म्हणून.

"दर सिग्नलला इंजिन मारतेस नि जिवंत करतेस," नणंद किल्ली टेबलावर आपटायची. "झिजणार नाही तर काय?"

"कंपनीनं बनवलंयच तसं. स्टार्टर दणकट, बेअरिंगही वेगळी."

"कंपनी तुझ्या माहेरची का गं?"

पुढे इंजिन खडखडू लागलं आणि नणंदेच्या हाती आयतं कोलीत मिळालं. येईल त्याला ती सांगे, "वहिनीनं गाडी खाल्ली." भावजयीचा नवरा हे ऐकलं की दाढी करायला उठायचा, मग सकाळी केलेली असली तरी.

गॅरेजमध्ये दोघी गेल्या, एकमेकींवर पाळत ठेवायला. मेकॅनिकनं इंजिन खोललं. बेअरिंगा झिजून आतलं तांबं दिसत होतं.

"बघ, बघ!" नणंद म्हणाली.

मेकॅनिक बोटावरचं ऑइल चोळत होता. "हे कोणी टाकलं? ह्या इंजिनाला पातळ लागतं. एवढं जाड ऑइल सकाळी गार इंजिनात वेळेवर पोहोचत नाही, बेअरिंग कोरडी घासते."

"आणि सिग्नलवरचं बंद-चालू?" भावजयीनं विचारलं.

"तेव्हा इंजिन तापलेलं असतं, ऑइल आत असतंच. झीज होते, पण थोडी."

नणंद फणकारली, "मीच सांगितलं टाकायला! हिच्या बंद-चालूतून इंजिन वाचावं म्हणून."

"म्हणजे केलंस तू आणि गावभर नाव माझं?"

"तू बटण दाबलं असतंस तर मला जाड ऑइल टाकावं लागलं असतं का?"

भावजयीच्या मस्तकात तिडीक गेली. ही मेली तरी उठून आपल्यालाच दोष देईल, हे तिला तिथंच कळून चुकलं. ती तडक लॅबला गेली आणि फेऱ्यांसाठी तिथली स्कूटर मागून घेऊन आली.

संध्याकाळी नवऱ्यानं भीतभीत विचारलं, "मिटलं का?"

"मिटलं. गाडी तिला दिली," ती म्हणाली. "तिच्याशी बोलणं तेवढं बंद केलं."