दोन सवती आणि एक शेगडी

आईने त्या दोन स्पीकरना 'सवती' हे नाव ठेवलं त्याला आता जमाना झाला. माणसाच्या छातीला लागतील एवढे उंच, पोकळ भिंतींत वाळू ठासलेले, दोघांनी मिळून ढकलले तरी जागचे न हलणारे दोन खोके एके दिवशी बैठकीच्या खोलीत येऊन उभे राहिले आणि बिचारा सोफा कोपऱ्यात गेला. पाहुणे आले की आई ओळख करून द्यायची, "या थोरल्या दोघी. मी तिसरी." पाहुणे हसायचे. बाबा हसायचे नाहीत. त्यांना स्पीकरची चेष्टा खपत नसे.

स्पीकर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधले होते, दुरुस्तीचं दुकान सांभाळून, सुट्ट्यांचा चुराडा करून. आणि बांधले तेही असे अडेलतट्टू, की भल्याभल्या अ‍ॅम्प्लिफायरनी त्यांच्यापुढे हात टेकावेत. स्पीकर विजेला जितका कमी अडवतो तितकी जास्त वीज तो अ‍ॅम्प्लिफायरकडून ओढतो, आणि या दोघी तर खालच्या सुरांवर विजेला अडवायच्याच नाहीत. अख्ख्या इमारतीने एकाच नळाला बादल्या लावाव्यात तशी ती ओढ. साध्या अ‍ॅम्प्लिफायरला वाटायचं, तारा एकमेकींना चिकटल्या, आता आपलं काही खरं नाही. तो आतला खटका पाडून गप्प बसायचा. शेवटी बाबांनी अ‍ॅम्प्लिफायरही स्वतःच बांधला. तो इतका तापायचा की आईने त्याला शेगडी म्हणायला सुरुवात केली. थंडीत ती भाजी निवडायला त्याच्याशेजारीच बसायची. शेगडी होती तोवर सवतींचा संसार बरा चालला होता.

मग शेगडी गेली. तिच्यातले ट्रान्झिस्टर एकेक करून मेले, आणि तसले बनवणारे कारखाने त्यांच्याही आधी बंद पडले होते.

लेकीला घरात ठिणगी म्हणतात. लहानपणी बाबांच्या कामाच्या टेबलावर तिने नको तिथे स्क्रूड्रायव्हर खुपसून घरभर अंधार केला होता, तेव्हापासूनचं हे नाव. आता दुकान तीच चालवते. काम शिकत असताना ती एकदा मोठ्या शहाणपणाने म्हणाली होती, "बाबा, दोन्ही स्पीकरमध्ये एकेक छोटा रेझिस्टर घातला तर विजेला अडवायला काहीतरी असेल. मग कुठलाही अ‍ॅम्प्लिफायर यांना पेलेल."

"आणि ढोल सैल वाजेल त्याचं काय?"

"थोडासाच. कोणाला कळणार आहे?"

"मला," बाबा म्हणाले, आणि पुढे कित्येक दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले.

त्यांना कळलं असतं यात शंकाच नव्हती. बाबांचे कान म्हणजे घराला वैताग होता. आत दाढी करता करता ते बाहेर ओरडायचे, "डावीकडचा स्क्रू ढिला झालाय!" आणि तो झालेला असायचा. एकदा ठिणगीने घाईत एका स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल केली, तर "उलटी तार!" म्हणून त्यांनी उशी फेकून मारली होती. अशी उशी आईलाही एकदोनदा लागली होती, तिचा काही संबंध नसताना.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा परत आली, उजवा हात अर्धामुर्धा आला. इस्पितळातून घरी आले तशी आपल्या खुर्चीत बसून पहिलं काय म्हणाले, तर "लाव."

ठिणगीने दुकानातला नवाकोरा अ‍ॅम्प्लिफायर आणून लावला. गाणं सुरू झालं, गळा खुलला, खालचा सूर आला आणि टक. खटका पडला. दुसरा आणला, टक. ओळखीतल्या एका गिऱ्हाइकाचा भलामोठा उसना आणला, तो जरा जास्त तग धरून राहिला आणि मग तोही टक. बाबा म्हणाले, "दम नाही यांच्यात." प्रत्येक खटक्याला त्यांचे खांदे दचकायचे, आणि ठिणगीला वाटायचं, आपणच बापाच्या थोबाडीत मारतोय.

एका दुपारी ते म्हणाले, "चुकीचेच बांधले मी. आयुष्य घालवलं आणि चुकीचे बांधले." त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली. ताटातलं अन्न तसंच राहायला लागलं. डॉक्टरने सांगितलं, शरीर सुधारतंय, पण या माणसाला उठावंसं वाटलं पाहिजे. तसं वाटलं नाही तर माझ्या गोळ्या काही कामाच्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आई बाबांचा हात धरून त्यांना बाहेरच्या व्हरांड्यात चालवायला घेऊन गेली, तेव्हा ठिणगीने दोन्ही स्पीकरच्या मागच्या पट्ट्या उघडल्या. तारा जोडणारे आतले डाखाचे टाके बाबांचे होते, गोल, चकचकीत, एकसारखे. त्यातला एकेक तोडून तिने रेझिस्टर बसवला. चोरी करणाऱ्यालासुद्धा एवढी लाज वाटत नसेल. बाबा येईपर्यंत पट्ट्या बंद करून तिने खिडक्या उघडल्या, डाखाचा वास जावा म्हणून.

बाबा बसले. दुकानातून आणखी एक अ‍ॅम्प्लिफायर आणून तिने जोडला आणि गाणं लावलं. खालचा सूर आला आणि खटका पडला नाही. आवाज पुढे गेला, खोली भरली. पण ढोल सैल होता. तिला तो स्पष्ट ऐकू येत होता, ओल्या गोधडीवर काठी मारल्यासारखा. ती मान आत ओढून वाट पाहत राहिली. आता ओरडतील, आता उशी येईल. उत्तरही तयार होतं: हो, घातला रेझिस्टर, तुमच्यासाठीच घातला, काय करायचं ते करा.

बाबांचे डोळे मिटलेले होते. चांगल्या हाताचं बोट खुर्चीच्या दांड्यावर ताल धरत होतं.

"बघ," ते म्हणाले. "म्हणत होतो ना मी? आत काही घालावं लागत नाही. तोडीस तोड अ‍ॅम्प्लिफायर मिळावा लागतो."

त्या दिवशी ते पोटभर जेवले, वर पुन्हा भात मागून घेतला. आईने देवाचे आभार मानले. ठिणगीलाही आनंद झाला, नाही कसा होणार? पण ती ताटातला भात नुसता चिवडत राहिली. इतकी वर्षं ज्या कानांना ती घाबरली, ते तिला पकडू शकले नव्हते.

सकाळी तिने नको तो उद्योग केला. मनाला समजावलं, रेझिस्टरचा फरक तसा बारीकच असतो, आजारी माणसाकडून निसटला असेल. म्हणून तिने उजव्या स्पीकरच्या तारा उलट्या लावल्या. उलटी तार लागली की एक स्पीकर पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो. गाणारी मधोमध उभी असल्यासारखी वाटते ती विरून जाते आणि ढोलाचा तर जीवच जातो. हे कळायला तयारीचे कान लागत नाहीत. लावून ती स्पीकरमागेच उभी राहिली, हात तारेवर ठेवून. मारा उशी, ती मनात म्हणत होती. बाबा, मारा ना.

बाबा ताल धरून बसले होते. चेहऱ्यावर समाधान होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात आली. हात ओले होते. जरासं ऐकून ती म्हणाली, "हे असं काय वाजतंय? बाई गातेय कुठून तेच समजत नाहीये. उलटी तार लागलीय का गं?"



"तुला काय कळतंय त्यातलं?" बाबा डोळे न उघडता म्हणाले. "जन्म गेला, स्पीकरचं तोंड कुठे ते माहीत नाही, आणि चालली उलटी तार सांगायला!"

"अहो, पण अशी लागली की तुम्हीच ओरडायचात ना? म्हणून विचारलं." आईने लेकीकडे पाहिलं. "सांग की गं. लागलीय ना?"

बाबांनीही डोळे उघडले. त्यांच्या नजरेत आता जरासं भय होतं. ताल धरलेलं बोट दांड्यावर तसंच थबकलं होतं.

"नाही आई," ठिणगी म्हणाली. "बरोबर वाजतंय."

आईची नजर खाली गेली. लेकीची बोटं तारेवरच होती. आई ते पाहत राहिली, मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडचा रंगच उडाला.

"असेल," ती म्हणाली. पदराने हात पुसले, आधीच कोरडे झालेले. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं."

ती आत गेली.

"वाढव जरा आवाज," बाबा म्हणाले.

ठिणगीने वाढवला.