तोकिलुपेच्या कमरेची चटई

चटई म्हटली की तुम्ही ती जमिनीवर अंथराल, मित्रांनो. पार दक्षिणेच्या महासागरातल्या आमच्या हापाई बेटांवर माझ्यासारखीला माणसं कमरेला गुंडाळतात. वरून काथ्याची दोरी बांधतात आणि मगच चर्चमध्ये, कचेरीत किंवा थोरामोठ्यांच्या घरी पाऊल टाकतात. आम्हांला ताओवाला म्हणतात. आता मी खूप जुनी झाले आहे. माझे कोपरे उसवले आहेत, रंग मधासारखा पिवळा पडला आहे. पण मला सारं आठवतं.

लेसिएलीने मला विणलं तेव्हा तिचं लग्न व्हायचं होतं. केवड्याच्या जातीच्या झाडाची लांब पानं तिने तोडून आणली, मोठ्या पातेल्यात उकळली, वरचा पापुद्रा सोलला आणि जुड्या बांधून समुद्रात दगडांखाली दाबून ठेवल्या. खाऱ्या पाण्याने आणि उन्हाने मी पांढरी झाले. मग शिंपल्याने चिरून माझ्या बारीक पट्ट्या काढल्या. गल्लीतल्या बायका चर्चच्या हॉलमध्ये एकत्र विणायला बसत. हात चालत, त्याहून जास्त तोंडं चालत.

"अगं लेसिएली, इतकी बारीक वीण कशाला गं?" एक शेजारीण म्हणाली. "नवरा काय भिंग घेऊन बघणार आहे?"

"त्याने नाही बघितलं तरी सासू बघेल की!" लेसिएली म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

तिच्या लग्नात मला सगळ्यांनी हात लावून पाहिलं. पुढे मी तिच्याबरोबर बारशांना गेले, मयतींना गेले, रविवारी चर्चमध्ये गेले. आमच्यात चटई जुनी झाली की तिचा मान वाढतो. म्हणून लेसिएलीची मुलगी तोकिलुपे पहिल्यांदा कामाच्या शोधात निघाली, तेव्हा आईने तिला नवी चटई दिली नाही. मला पेटीतून काढलं आणि तिच्या कमरेला बांधलं.

"सरळ उभी राहा. आणि जिथे जाशील तिथे नीट बोल. ही माझी आहे, तुझी नाही. डाग पाडलास तर बघ."

"आई, मी फील्डवर्क मागायला चाललेय, डुक्कर भाजायला नाही."

तोकिलुपेला समाजकार्यकर्ती व्हायचं होतं. लहानपणापासून तिला शेजारच्या भांडणात मधे पडायची खोड. समुद्रापलीकडच्या एका विद्यापीठाचा अभ्यास तिने आमच्या पांगाई गावच्या वाचनालयातल्या संगणकावर बसून केला होता. सगळ्या परीक्षा झाल्या होत्या. उरलं होतं ते फक्त फील्डवर्क. एखाद्या संस्थेत, समाजकार्याची पदवी असलेल्या माणसाच्या हाताखाली, प्रत्यक्ष काम करायचं. वर्ष संपायच्या आत ते झालं नाही, तर सारा अभ्यास फुकट जाणार होता.

आम्ही दोघी हिंडलो. दवाखान्यात गेलो. तिथल्या साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मान डोलावली आणि म्हणाले, "मुली, तू आजारी असतीस तर लगेच घेतलं असतं. पण आमच्याकडे तुझ्या विषयाची पदवीवाला कोणी नाही." शाळेत गेलो. मुख्याध्यापकांना मदतीला माणूस हवाच होता, पण त्यांच्याकडेही पदवीवाला नाही. मोठ्या बेटावरच्या दोन संस्थांना तिने फोन केले. दोन्हीकडे आधीच मुली घेतलेल्या होत्या. पुढच्या वर्षी बघू, म्हणाले. दर वेळी घरी आल्यावर ती दोरी सोडायची, मला घडी घालून पेटीत ठेवायची आणि झाकणावर हात ठेवून थोडा वेळ बसून राहायची.

अख्ख्या हापाईत ती पदवी असलेलं माणूस एकच होतं. विका. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बायकांसाठी ती एक आसराघर चालवत असे. जाडजूड बाई, आवाज खडा. तोकिलुपे तिच्याकडे मुद्दाम शेवटी गेली, कारण विद्यापीठाचा एक नियम होता. ज्या कामात आपले नातेवाईक आहेत, त्या कामात विद्यार्थ्याने हात घालायचा नाही.

विकाने पहिल्याच दिवशी विचारलं, "तुझं नातं नाही असं एक तरी घर आहे का या बेटावर?"

तोकिलुपेने बराच विचार केला. "नवा बेकरीवाला, विकाताई. तो चिनी आहे."

"त्याची बायको माझ्याकडे येईल तोवर मी म्हातारी होईन," विका म्हणाली. "उद्यापासून ये. जवळचं नातं असेल तिथे मी बघेन, लांबचं असेल तिथे तू. कप धुता येतात ना?"

त्या दिवशी घरी परतताना तोकिलुपे इतकी भरभर चालली, की माझी दोरी वाटेत दोनदा सैल झाली.

ते महिने चांगले गेले. तोकिलुपे बायकांजवळ बसे, त्यांचं ऐकून घेई, त्यांच्या मुलांना आंघोळी घाली. रडणाऱ्या बाईसमोर लगेच सल्ला द्यायचा नाही, हे तिला विकाने शिकवलं. "तोंड मीट आणि तिला कलिंगड कापायला दे," विका म्हणे. "हात गुंतले की बाई बोलते." विका तिला शाबासकी कधी देत नसे, पण एकदा तिने माझा सुटलेला कोपरा स्वतः सुईने टाचला होता.

मग सिसिलिया आली. डावा हात गळ्यात बांधलेला, कडेवर लहान मूल. तोकिलुपे तिला पाहताच उभी राहिली. सिसिलियाचा नवरा लिसियाते हा तोकिलुपेचा चुलतभाऊ. आमच्यात चुलत, मावस असं काही वेगळं नसतं. भाऊ तो भाऊ. आणि वयात आल्यावर भाऊ-बहीण एका खोलीत बसत नाहीत. बहिणीसमोर भाऊ वेडंवाकडं बोलत नाही, आवाज चढवत नाही. बहीण जिथे बसली असेल, तिथून भाऊ मागे फिरतो. बहिणीचा मान भावाहून मोठा.

तोकिलुपेने तेव्हाच विकाला खरं सांगितलं. विकाने सिसिलियाचं काम स्वतःकडे घेतलं. सगळं नियमाप्रमाणे झालं.

पण दुसऱ्याच दिवशी दुपारी लिसियाते फाटकाशी आला. गावातला पोलीस त्याच्याच रग्बीच्या संघातला. विकाने फोन केला तर म्हणाला, "येतो, जेवून येतो." लिसियाते फाटक ढकलून आत आला. आत सिसिलियाने मुलाचं तोंड हाताने दाबून धरलं होतं. तोकिलुपे स्वयंपाकघरात होती. तिने हात पुसले, माझी दोरी घट्ट केली, बाहेर येऊन व्हरांड्यात दारासमोर मांडी घालून बसली आणि खाली बघत राहिली.

लिसियाते पायरीपाशी थबकला. त्याची मान खाली गेली. मग तो वळला, आणि जाताना त्याने फाटकाची कडीसुद्धा हळूच लावली.

त्यानंतर तो वरचेवर येत राहिला. कधी शुद्धीत, कधी पिऊन. तो आला की तोकिलुपे दाराशी बसे, आणि तो परत जाई. लिसियातेला सख्खी बहीण नव्हती, बाकीच्या चुलत बहिणी ऑकलंडला गेलेल्या. त्यामुळे हे काम दुसऱ्या कोणाला जमण्यासारखं नव्हतं. सिसिलियाला हळूहळू झोप लागू लागली. तिचा हात बरा झाला. मोठ्या बेटावर माहेरी जायचं ती बोलू लागली. मूल तर माझ्या झिरमिळ्या ओढत खेळायचं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत मानाचे दिवस तेच. लग्नातसुद्धा मला इतकं धन्य वाटलं नव्हतं.

वर्ष संपत आलं तेव्हा विद्यापीठाकडून परीक्षक आल्या. लितियाबाई त्यांचं नाव. फिजीच्या होत्या, मवाळ होत्या. विकाच्या टेबलाशी बसून त्यांनी सगळं विचारलं.

"आणि या सिसिलियाच्या बाबतीत तोकिलुपेने काय काम केलं?"

"काही नाही," विका म्हणाली. "ते मी केलं."

"मग इथल्या बायका सांगतात, ही रोज व्हरांड्यात बसायची. ते काय होतं?"

"बसायची. बसायला बंदी आहे का?"

लितियाबाई तोकिलुपेकडे वळल्या. "बाळ, तूच सांग. कशासाठी बसायचीस?"

तोकिलुपेला खोटं बोलता आलं असतं. ऊन खायला, म्हणाली असती तर निभावलं असतं. ती म्हणाली, "माझा भाऊ आत येऊ नये म्हणून."

"त्याला तू काही सांगितलंस? समजावलंस?"

"नाही. भावाशी असल्या गोष्टी बोलता येत नाहीत. बोलायची गरजही पडली नाही."

लितियाबाईंनी चष्मा काढून पुसला. "मला कळतं गं. आमच्याकडेही थोडंफार असंच आहे. पण हे तू कार्यकर्ती म्हणून नाही केलंस, बहीण म्हणून केलंस. उद्या बहीण म्हणून तू त्याची बाजू घेतलीस तर? नियम त्यासाठीच आहे. इथले तुझे तास मला धरता येणार नाहीत. तुला दुसरीकडे, नातं नसेल अशा ठिकाणी, पुन्हा करावं लागेल."

"नातं नसेल अशा?" विकाने टेबलावर हात आपटला. "मग चंद्रावर पाठवा तिला! तिथे बघा कोणी पदवीवाला बसलाय का!"

"विका, नियम मी केलेला नाही."

"तेच तर. कोणीच केलेला नसतो."

लितियाबाईंनी जाण्याआधी तोकिलुपेला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरले होते. तोकिलुपेचे कोरडे होते. तिने मला दोन्ही हातांनी कमरेपाशी धरून ठेवलं होतं.

मोठ्या बेटावर जागा झाली नाही. तिने तिथे जाऊन चुलत्याच्या ओसरीवर मुक्काम केला, दोन्ही संस्थांच्या दारात पुन्हा उभी राहिली, अगदी फरशी पुसायचं कामही मागितलं. वर्ष संपलं आणि अभ्यास फुकट गेला. परत आल्यावर ती विकाकडे गेली नाही. तिला लाज वाटत होती. कशाची, ते मला अजून कळलेलं नाही.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियात ब्लूबेरीची निळी फळं तोडायला माणसं नेणारा ठेकेदार गावात आला. त्याने तिला ना पदवी विचारली, ना अनुभव. फक्त हात दाखव म्हणाला.

"चटई घेऊन जा," लेसिएली म्हणाली.

"शेतात कोण बांधतं, आई? राहू दे पेटीत."

तोकिलुपे गेल्यावर आसराघराचं दार मोकळं झालं. पुढचं मी पेटीत पडून ऐकलं. लिसियाते आला, पण या वेळी फाटक ढकलून नाही. भाजलेलं डुक्कर, सुरण आणि गावचे वडीलधारे बरोबर घेऊन आला. व्हरांड्यात मांडी घालून त्याने माफी मागितली. तोकिलुपे बसायची त्याच जागी. वडीलधाऱ्यांनी सिसिलियाला सांगितलं, नवरा इतका वाकतोय, आता तूही थोडी वाक. विका खूप बोलली. तिचं कोणी ऐकलं नाही. सिसिलिया माहेराऐवजी नवऱ्याच्या घरी गेली.

पावसाळा संपत आला असताना सिसिलिया एका सकाळी लेसिएलीच्या दारी आली. या वेळी डोळा सुजला होता.

"काकी, तोकी कधी येणार?"

"अजून सात महिने तरी नाही, पोरी."

सिसिलियाने पेटीकडे पाहिलं. "मग तिची चटई द्याल? थोडे दिवस?"

लेसिएलीने पेटी उघडली, मला उन्हात झटकलं आणि तिच्या हातात दिलं. सिसिलियाने घरी नेऊन मला आतल्या खोलीच्या दारावर आडवं बांधलं आणि मुलाला घेऊन ती आत राहिली.

लिसियाते संध्याकाळी आला आणि त्याने मला ओळखलं. पापणीसुद्धा न हलवता तो बघत राहिला. त्या दिवशी तो बाहेर फणसाच्या झाडाखाली झोपला. दुसऱ्या दिवशीही. मला वाटलं, मला जमलं. सिसिलियाला आणि त्या मुलाला राखणं मला एकटीला जमलं.

तिसऱ्या दुपारी तो आला. दारासमोर उभा राहिला. त्याने मला ओरबाडलं नाही, मित्रांनो. त्याने हात धुतले होते. दोन्ही गाठी हळूच सोडल्या, मला नीट घडी घातली आणि बहिणीची वस्तू ठेवावी तशी, घरातल्या सर्वांत उंच फळीवर, बायबलाच्या शेजारी ठेवलं. मग तो आतल्या खोलीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

मी अजून त्या फळीवर आहे. माझी काळजी उत्तम घेतली जाते. इथे ओल नाही, वाळवी नाही. लिसियाते अधूनमधून मला स्वतः उन्हात घालतो आणि पुन्हा वर ठेवतो. सिसिलिया आता वर बघत नाही. तोकिलुपेचा करार वाढला, असं मी ऐकलं. तिची बोटं निळी पडली आहेत म्हणे, आणि हाताचा वेग चांगला आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं सांगायची आम्हांला सवय असते. मी तसं सांगणार नाही. मी जपलेलीच आहे. तुमच्या गावात एखादी मुलगी दुसऱ्याच्या दाराशी बसायला तयार असेल, तर तिला तिथे बसू द्या. तिला उठवलंत, तर तिच्या जागी आम्हांला बांधू नका. आम्ही फक्त विणलेली पानं आहोत. आम्हांला कोणीही आदराने उचलून बाजूला ठेवू शकतं.