सुतकातलं दही

"ही पूड माणसाला घालायची का म्हशीला?" जनाने विचारले.

ऋतिका मॅडमने डबी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. "जनाताई, ही जपानची आहे. माचा. चहाची पानं सावलीत वाढवतात, मग दगडाच्या जात्यावर दळतात. एवढ्याशा डबीला किती पैसे पडलेत ते सांगत नाही, तुमचा हात थरथरेल."

जनाचा हात थरथरला नाही, कारण चिमूटभर पूड तिने आधीच तळव्यावर घेतली होती. वास घेतला. नुकत्याच कापलेल्या गवताचा होता. मग जीभ लावली. आधी कडू, मग काहीच नाही, आणि शेवटी, कोणी विचारले नसताना, सुक्या मासळीची आठवण. पंचावन्न वर्षांत तिने बरेच काही चाखले होते, पण एकाच चिमटीत कुरण आणि कोळीवाडा दोन्ही तिला प्रथमच भेटत होते. तिने आणखी एक चिमूट मागितली.

कडावच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला ऋतिका मॅडमचे 'निवांत' नावाचे हे शेतघर. मुंबईची माणसे शुक्रवारी रात्री इथे निवांत व्हायला येत आणि रविवारी दुपारपासून निघायची घाई करत. जना चार वर्षे त्यांना नाश्ता करून घालत होती. पोहे, घावन, थालीपीठ. या शनिवारी मात्र योगवाल्या बारा जणांची तुकडी यायची होती आणि त्यांनी आधीच कळवले होते: पोहे नकोत. त्यांना ग्लास हवा होता. तळाला पांढरे दही, त्यावर हिरवे दही, त्यावर फळे, मग काहीतरी कुरकुरीत, मग पुन्हा तेच. सगळे थर बाहेरून वेगवेगळे दिसले पाहिजेत.

"अन् खायाचं कसं?"

"चमचा वरून खालपर्यंत घालायचा. सगळं मिक्स होतं."

"मंग आदीच मिक्स करून दिलं तर?"

"फोटोत थर दिसणार नाहीत ना."

हे जनाला पटले. लग्नातसुद्धा जेवणाआधी दोन तास फोटोच चालतात, हे तिने पाहिले होते.

"आणि जनाताई, दही घट्ट हवं," मॅडम म्हणाल्या. "आता रोजच योगाच्या तुकड्या येणार. तुमचं आवडलं तर रोज चार लिटर तुमच्याकडून घेईन. नाहीतर मुंबईहून डबे मागवते. शनिवारी कळेलच."

हे मात्र जनाने दोनदा ऐकले. घरात चांदी म्हैस विकायचे ठरत आले होते. मुलगा रोहिदास खोपोलीच्या कंपनीत, सून वनिता अंगणवाडीत, आणि चांदीच्या मागे एकटी जना. "एका म्हशीपायी सगळं घर बांधून पडलंय, आये," रोहिदास म्हणे. "दूध डेअरीला घालून पेंडसुद्दा सुटत नाय." सोमवारी व्यापारी बघायला यायचा होता. जनाने रोहिदासला एवढेच सांगितले होते, "दह्याचं ठरू दे. शनवारपत थांब." रोहिदास थांबला. आईला एकदा हरू द्यावे म्हणजे ती पुन्हा बोलत नाही, असा त्याचा अनुभव होता.

बुधवारचा पहिला ग्लास फसला. पांढरे दही हिरव्यात उतरले, हिरवे पपईत, आणि सगळ्यांनी मिळून तळ गाठला. रंग शेवाळलेल्या विहिरीसारखा झाला. जनाने तो ग्लास स्वतः खाल्ला आणि विचार केला. मग दही फडक्यात बांधून टांगले, श्रीखंडाला टांगतात तसे. पूड उकळत्या पाण्यात घातली तर चिडून जास्तच कडू होते, हे तिला दुसऱ्या खेपेला कळले. कोमट पाण्यात, चहाच्या गाळणीतून चाळून, छोट्या रवीने घुसळली तर गुमान विरघळते. थोडा मध घातला की मासळीची आठवण राहत नाही, गवत राहते. कुरकुरीत म्हणून तिने जाडे पोहे तुपात परतून गुळात घोळवले. पोहे नको म्हणणाऱ्यांच्या ग्लासात पोहे असे मागच्या दाराने शिरले.

उरलेली चिमूट तिने पदरात बांधून घरी नेली आणि चांदीपुढे धरली. चांदीने हुंगले, जीभ फिरवली आणि अजून आहे का म्हणून पाहिले. जपानातही गवत असते, ही गोष्ट तिला मान्य होती.

गुरुवारी दुपारी चांगो वारला.

चांगो जनाचा चुलत दीर. बांधाच्या भांडणावरून वीस वर्षे दोन्ही घरांचे बोलणे बंद. जिवंतपणी ज्याच्याशी नाते राहिले नव्हते, त्याच्याशी मेल्यावर दहा दिवसांचे नाते जुळले. आळीतल्या साऱ्या भावकीला सुतक लागले.

सुतकात घरात दही विरजत नाहीत. असलेले दही केळीच्या बुंध्याशी ओतायचे, विरजणही ठेवायचे नाही. दहावे झाले की भावकीबाहेरच्या घरातून नवे मागून आणायचे. जनाच्या घरातले विरजण भावकीतल्या मागच्या सुतकानंतरचे, म्हणजे सासूच्या दहाव्यानंतर आणलेले, रोज थोडे मागे ठेवत सहा वर्षे चाललेले. वनिताने ते टोपासकट उचलले तेव्हा जना आत निघून गेली.

मग ती बाहेर आली आणि थेट पोशाआबांकडे गेली. पोशाआबा भावकीतले वडीलधारे. काय चालते आणि काय नाही, हे ते ओट्यावर बसून सांगत.

"आबा, कामावर जाऊ का?"

"जा की. नोकरीला कसलं सुतक? तुजा रोहिदास बी जाईल."

"म्हशीचं दूध काडू?"

"काड. म्हशीला काय ठावं चांगो कोन व्हता?"

"मंग इरजू?"

"ते नाय."

"का?"

"का म्हंजे? नाय म्हंजे नाय."

कायदा एवढाच होता. जना परतताना तो मनात उलटसुलट करून पाहत होती. दूध काढायला हरकत नाही. दह्याचे थर लावायलाही नाही, ती नोकरी. अडत होते ते फक्त मधले काम. आणि मधले काम दुसऱ्या हाताने करू नये, असे आबा म्हणाले नव्हते. त्यांच्या डोक्यात ते आले नव्हते, हे खरे, पण तो जनाचा दोष नव्हता.

संध्याकाळी चार लिटर दुधाची किटली घेऊन ती ठाकरवाडीची चढण चढली. कोंडी 'निवांत'मध्ये झाडलोट करायची. चार वर्षे दोघी एकाच चुलीवरचा चहा प्यायल्या होत्या, 'निवांत'च्या. कोंडीची वाडी मात्र जनाने खालूनच पाहिली होती. गावाचा अलिखित रिवाज असा की वाडीवर ताक द्यावे, वाडीचे दही घेऊ नये.

कोंडीने सगळे ऐकून घेतले. "म्हंजे तुमचं गाव माजं दही खात नाय, अन् तू ममईवाल्यांना चारतीस व्हय?"

"त्ये जात इचारत नाय गं. त्ये फकस्त फॅट इचारतात."

कोंडी एवढी हसली की तिची शेळी दचकली. "आन हिकडं."

तिने दूध तापवून कोमट केले, विरजण लावले, आणि मडके भाताच्या तुसाने भरलेल्या पाटीत गळ्यापर्यंत पुरले. जना वाकून बघत राहिली. माघातल्या थंडीत तिचे स्वतःचे दही कधीकधी पातळ राही, आणि ती दोष म्हशीला देई.

"तुसात ऊब ऱ्हाते?"

"पोरगं पुरलं तरी झोपंल."

शुक्रवारी सकाळी कोंडी मडके 'निवांत'वर घेऊन आली. सुरीने कापावे असे दही होते. दिवसभर ते फडक्यात टांगले गेले आणि शनिवारी सकाळी बारा ग्लास ओळीने उभे राहिले: पांढरे, हिरवे, केशरी पपई, तपकिरी चिकू, वर गुळातले पोहे. एकही थर दुसऱ्याच्या हद्दीत घुसला नाही. एवढे शहाणपण असते तर चांगोचा बांध वीस वर्षे पेटला नसता.

पाहुण्यांनी आधी फोटो काढले. एक गृहस्थ खुर्चीवर चढले, उतरताना त्यांना दोघांनी धरले. मग चमचे वरून खालपर्यंत गेले आणि व्हरांड्यात शांतता पसरली. ती योगातली नव्हती, खाण्यातली होती. पाच मिनिटांनी एका बाईंनी मान वर केली. "माचा छानच. पण हे दही? हे कुठलं?"

ऋतिका मॅडम स्वयंपाकघरात आल्या. "जनाताई, पास! दही तुमचंच ना?"

व्हरांड्याच्या टोकाला कोंडी झाडत होती. तिने वर पाहिले नाही, पण झाडूचा आवाज थांबला.

जनाला सोमवार दिसला. व्यापारी चांदीचे दात बघताना दिसला. 'होय' हा एक शब्द होता आणि त्यात अर्धे खरेही होते. एवढ्या खऱ्यावर लोक निवडणुका जिंकतात.

"दूध माज्या म्हशीचं," ती म्हणाली. "दही कोंडीचं. आमच्यात सुतक हाय."

मॅडमनी दारातून कोंडीकडे पाहिले. मग त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे आदिवासी दही? मडक्यातलं? अहो, हे तर कार्डावर घालायला हवं! कोंडीताई, रोजचं चार लिटर तुम्हीच लावा. दुधाचं मी बघते, डेअरीतून येईल."

जनाने कढई घासायला घेतली. कढई स्वच्छ होती.

कोंडी झाडू घेऊनच दारात आली. "लावीन की. पन दूध जनीच्या म्हशीचं पायजे. डेरीच्या दुदाला मी हात नाय लावायची."

"पण दूध ते दूधच ना, कोंडीताई?"

"मंग दही बी दहीच. आना ममईवरनं."

मॅडम "बरं" म्हणाल्या.

सोमवारी रोहिदासने व्यापाऱ्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितले. का, ते सांगितले नाही. त्याला स्वतःलाही ते नीट कळले नव्हते. कार्ड छापून आले. त्यावर कोंडीचा फोटो होता. मॅडमनी जुन्या पद्धतीचे लुगडे नेसायला सांगितले होते, कोंडीने पुतणीच्या लग्नातली चमकीची साडी नेसली होती आणि ती अजिबात हसलेली नव्हती. खाली डोंगर, मडके, परंपरा वगैरे होते. जनाचे नाव नव्हते. चांदीचेही नव्हते. जनाने कार्ड दोन्ही बाजूंनी पाहिले आणि डब्यांच्या फळीवर उभे करून ठेवले.

दहावे झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे घर सारवून झाले. शेजारच्या आळीतली हिरू, जी भावकीतली नव्हती, सकाळीच दारात आली. "जनाबाय, इरजन देऊ?"

"नगं," जना म्हणाली. तिने स्टीलची वाटी घासली आणि वाडीची चढण धरली.

कोंडीने वाटी पाहिली. घेतली नाही. "घाई हाय?"

"नाय."

"मंग बस."

जना ओट्यावर बसली. कोंडीने कोरा चहा आणला, गुळाचा. दोघींनी तो सावकाश प्यायला. चांगोचे दहावे कसे झाले, कावळा किती वेळ शिवत नव्हता, हे बोलून झाले. मग कोंडी आत गेली आणि वाटी काठोकाठ भरून घेऊन आली.

"एवडं कशाला? चमचाभर लागतं."

"चमचाभर शेजारनीला देत्यात गं. तुला रोजचं दूद आनायचंय."

उतरायला जनाला वेळ लागला. आळीत शिरली तेव्हा ऊन चांगले वर आले होते आणि सगळे ओटे भरलेले होते. पोशाआबांनी चष्मा पुसला.

"कुठनं आनलंस गं?"

"कोंडीकडनं."

ओट्यावरच्या माना वळल्या. आबांनी इकडेतिकडे पाहिले. कायद्यात भावकीबाहेरचे घर म्हटले होते. कोंडी भावकीबाहेरची होती, यात वाद नव्हता.

"झाकून तरी आनायचं," ते शेवटी म्हणाले.

"झाकलं का पानी सुटतं, आबा."

ती पुढे निघाली. वाटी काठोकाठ होती, म्हणून तिला भरभर चालता येत नव्हते. दोन्ही हातांत वाटी धरून, नजर दह्यावर ठेवून, ती आळीच्या मधोमध, एकेक ओटा ओलांडत चालत राहिली.