मास्तरांच्या दुकानातला मेलेला उंदीर

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात मेलेल्या उंदराचा वास सुटला, आणि नेमकी त्याच दुपारी एक नवरी पोशाख अंगावर घालून बघायला येणार होती. मास्तरांच्या बायकोला सगळी गल्ली काकू म्हणे. त्यांनी इस्त्रीच्या टेबलाखाली, कपाटामागे, चिंध्यांच्या पोत्यात, सगळीकडे शोधलं. उंदीर सापडेना.

"अहो, तुम्हाला येतोय का वास?"

"मला कसला येतोय? नाक चोंदलंय माझं," मास्तर रुमालात शिंकरत म्हणाले आणि पुन्हा काजं करायला बसले.

शेवटी काकूंनी प्लंबरला बोलावलं. त्यानं मोरीची जाळी काढली, पाइपात तार घातली, बॅटरी मारून पाहिलं.

"मोरी चकाचक आहे, काकू. पण माश्या बघा कुठे चालल्यात."

माश्या खिडकीकडे चालल्या होत्या. तिथे मास्तरांची ऑर्किडं होती. काकूंच्या मते दुकानातला सगळा उजेड हीच झाडं खात. एकाचं फूल पतंगासारखं पंख पसरून बसे, एकाचं बुटाच्या टोकासारखं पोकळ, तर एकाला संध्याकाळी चॉकलेटचा वास सुटे. मधमाशीचं सोंग घेणारंही एक होतं. सगळ्यात कडेला, टांगलेल्या कोटांच्या आड, एक टांगती कुंडी होती. मास्तरांनी वर्षानुवर्षं जिवापाड जपूनही तिच्यातल्या झाडानं कधी एक कळी दाखवली नव्हती. काकू त्याला फुकट्या म्हणत.

प्लंबरनं कोट बाजूला सारले. पानांखाली काळपट लाल फुलांचा झुबका लोंबत होता. ओल्या, लवदार जिभा बाहेर काढल्यासारखी फुलं, आणि त्यांवर माश्यांची ही गर्दी.

"घ्या, सापडला तुमचा उंदीर."

मास्तर सुई तशीच टाकून स्टुलावर चढले. एकेक फूल बोटानं अलगद उचलून पाहू लागले.

"अगं, फुललं गं हे," ते म्हणाले. "याला मधमाश्या नकोत, माश्या हव्यात. म्हणून सडक्या मांसाचं सोंग. माश्या फसतात, पराग अंगाला लावून घेतात आणि दुसऱ्या फुलावर जाऊन पुन्हा फसतात."

त्यांनी फुलात नाक घातलं, जोरात श्वास ओढला आणि हिरमुसले. "कसा आहे गं वास?"

कुंडी गल्लीत नेऊन ठेवा, हे काकूंच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते गिळलं, पदर कमरेला खोचला आणि त्याही स्टुलावर चढल्या.

"आधी उंदीर," त्या डोळे मिटून म्हणाल्या. "मग ओलं चामडं. आणि थांबा हं, अगदी शेवटी काहीतरी गोडसर. पिकून गळालेल्या फळासारखं."

"गोडसर?" मास्तर हरखले. "पुन्हा घे बघू."

काकूंनी पुन्हा घेतला. मग प्लंबरनं घेतला. त्याला गोड काही लागेना, त्यावरून त्याची आणि काकूंची चांगलीच जुंपली.

तेवढ्यात नवरी आली, सोबत तिची आत्या. आत्यानं दारातच नाकाला रुमाल लावला आणि पाऊल मागे घेतलं. नवरी मात्र थेट खिडकीशी गेली, वास घेताच तिला ओकारीची उबळ आली आणि हसता हसता ती खालीच बसली. पोशाख शेवटी शेजारच्या बेकरीच्या मागच्या खोलीत घालून पाहिला. कमरेत जरासा सैल होता, बाकी नीट बसला.

मास्तरांचं नाक मोकळं झालं तेव्हा फुलं सुकायला लागली होती. पण दोन ताजी होती. त्यांनी वास घेतला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकले.

"शी, किती घाण," ते खुशीत म्हणाले. "आणि गोडसरही आहे बरं का."

काकूंना ते ऐकायला वेळ नव्हता. बेकरीवाल्याला दंडाला धरून त्या खिडकीशी घेऊन आल्या होत्या.

"अहो, लांबून काय कळणार? असे जवळ या. लाजू नका."