आरसा न झालेली जागा

धनेशच्या हॉलमध्ये एक भिंत होती. भिंत कसली, काचच ती. तिच्यावर धातूचा पातळ थर. बटण दाबलं की लख्ख आरसा, पुन्हा दाबलं की आरपार काच. घणसोलीत तीन टॉवर उभे केलेल्या माणसाला एवढी हौस हवीच! पलीकडच्या खोलीत त्याची आई, यशोदाबाई, लकव्यानं पडून होती. एरवी काच असायची, म्हणजे तिच्यावर लक्ष राहायचं. पाहुणे आले की आरसा. तोंडातून लाळ गळणारी म्हातारी कोणाला दिसायला नको, हे खरं कारण त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं.

आई गेली तेव्हाही हॉलमध्ये पाहुणे होते. आईला कळलं असेल का, हा एकच प्रश्न आता त्याला सुखानं जेवू देत नव्हता. आरसा दोन्हीकडून होतो, तिला आपलंच तोंड दिसत असणार, अशी तो मनाची समजूत घालायचा.

बाराव्याला पाहुणे म्हणून सवयीनं आरसा केलेला. तो जमिनीवर बसला आणि त्याला ते दिसलं. आरशात खाली, आईच्या उशीच्या उंचीवर, लिंबाएवढी जागा काचच राहिली होती. तेवढाच थर बिघडलेला. तो आत धावला, आईच्या उशीवर डोकं ठेवून त्यानं पाहिलं. समोर हॉल होता, आणि नेमकं बटण.

आईला सांभाळणारी सगुणा दारात उभी होती.

"हे कधीपासून हाय?" त्यानं विचारलं.

"वरीस झाला, दादा. आरसा झाला का आये तिथूनच तुला बघाची. पन पावनं आत आयलं का बोलाची, सगुना, त्या जागंला रुमाल लाव. कोनी बघितला तं धनेसला लाज वाटंल."

तिनं उशीखालून निळ्या काठाचा रुमाल काढून त्याच्या हातात दिला. धनेश ढसाढसा रडला. तेव्हापासून रुमाल त्याच्या खिशातच असायचा.

पुढच्या रविवारी दुपारी सोयरे आले. त्यानं मुद्दाम बटणाला हात लावला नाही. दिसू दे सगळ्यांना तिची खाट.

"आरसा झकास आहे हां," व्याही म्हणाले.

धनेशनं वळून पाहिलं. लख्ख आरसा. तो गुडघ्यांवर बसला, त्या जागेला डोळा लावला. पलीकडून निळ्या काठाचा रुमाल लावलेला होता. त्यानं खिसा चाचपला. खिसा रिकामा होता.

"आये," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "काढ गो तो रुमाल."