दोन्ही कानांना फाया

कापसाच्या कारखान्यात कानात घालायला कापूस मिळेना, असं मी सांगितलं की लोक विचारतात, रामहरी, भांग पिऊन आलास का? पण मी त्या कारखान्यात फिटर होतो. निजामाच्या राज्यात शहाण्यासारखं घडलेलं मी फार कमी पाहिलं.

कारखाना धारूरचा, मालक सुंदरराव देशमुख. सरकी काढायची चोवीस यंत्रं, आणि ती चालवायला तेलाचं इंजिन. लातूरच्या ठेसनावरून बैलगाड्यांनी आणलेलं. ते सुरू झालं की किल्ल्यावरची कबुतरं उडायची. आत तर माणूस स्वतः शिंकला तरी त्याला पत्ता लागायचा नाही.

हे इंजिन चालवायचा धोंडीराम. त्याचा बाप तांबट होता. हंडे ठोकून ठोकून चाळिशीतच ठार बहिरा झाला, आणि एका बाजाराच्या दिवशी मागून येणारी गाडी त्याला ऐकू आली नाही. गाडीवान ओरडत होता, म्हातारा आपला चालत होता. धोंडीरामानं हे डोळ्यांनी बघितलं होतं. म्हणून एका संध्याकाळी तो माझ्याकडे आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"रामहरी, कानात शिट्टी वाजती बे. इंजिन बंद केलं तरी वाजती. घरात केशर हाका मारती, मला ऐकूच येत न्हाई."

"मग कापूस घाल की कानात! डोंगर पडलाय आपल्याकडं."

इतकी साधी गोष्ट. दुसऱ्या दिवशी त्यानं दोन बोळे घातले, आणि दुपारी भाकरी खाताना त्याला एकदम रडूच आलं. म्हणाला, डोक्यातला घण थांबला. मलाही बरं वाटलं, कारण अक्कल माझी होती.

तिसऱ्या दिवशी देशमुख आले आणि धोंडीरामाचा कान बघून जागीच थांबले. इंजिन बंद करायला लावलं.

"अत्तर कुणी लावलं बे तुला?"

आता हे सांगायला हवं. आमच्याकडे लग्नात, दरबारात यजमान आपल्या हातानं फाया, म्हणजे अत्तरात भिजवलेला कापसाचा बोळा, पाहुण्याच्या कानात खोचतो. एकच फाया, उजव्या कानात. धारूरमध्ये हा मान सात जणांचा, आणि त्यांचाही क्रम ठरलेला. आधी कुणाला लावलं यावरून दोन घरं तीन पिढ्या एकमेकांशी बोलत नव्हती. आणि इथं तेलानं माखलेला इंजिनवाला दोन्ही कानांत कापूस खोचून उभा!

"अत्तर न्हाई मालक, नुसता कापूस हाय. आवाजासाठी."

देशमुखांनी वाकून त्याचा कान हुंगला. रॉकेलचा वास आला. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हैदराबादचं नवीन अत्तर असंल का हे?"

मी म्हणालो, असंल. माझी जीभ अशीच आहे, तिला लगाम नाही. पण देशमुखांना वाटलं, आपल्याला डावलून कुणीतरी बड्या माणसानं आपल्या नोकराला मान दिला. त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "माझ्या हातानं लावल्याबिगर कुणाच्या कानात कापूस दिसला, तर त्यानं उद्यापासून घरी बसावं."

कानाचं रक्षण करायला त्यांची ना नव्हती. मान नसलेली वस्तू पाहिजे, एवढंच. मग देशमुख खुर्ची टाकून बसले आणि निवड सुरू झाली. मेण आणलं, ते इंजिनाच्या धगीनं वितळून धोंडीरामाच्या गळ्यावर ओघळलं. ज्वारीची कणीक भरली, ती दुपारपर्यंत भाकरीसारखी कडक झाली आणि सरकी काढणाऱ्या भिवराबाईनं ती आकड्यानं कोरून काढेपर्यंत मुंग्यांना खबर लागली होती. बाभळीच्या खुंट्या देशमुखांना फार पसंत पडल्या, पण हादऱ्यानं त्या आत आत जायला लागल्या. मेंढीची लोकर सगळ्यात चांगली होती. पांढरी नको, लांबून कापूस वाटते. मग काळी? काळी नको, इंजिन नवं आहे, अपशकुन होतो.

धोंडीरामाचे कान उघडे ते उघडेच. शिट्टी वाढली. एक दिवस त्याची बायको केशरबाई माझ्या दारात आली.

"जीभ तुमची सुटली भावजी, आन् कान माझ्या नवऱ्याचे चालले."

मला लाज वाटली, खरंच.

पुढच्याच महिन्यात तहसीलदारसाहेब कारखाना बघायला यायचे होते. देशमुखांनी चांदीची अत्तरदाणी घासून ठेवली. मी धोंडीरामाला सांगितलं, साहेबांच्या कानाला फाया लागला रे लागला की इंजिन पुऱ्या जोरात सोड. त्यानं सोडलं. साहेब जागेवरच उडाले. घाबरून त्यांनी कानाच्या वळणातला फाया बोटानं आत दाबला, आणि त्यांचा चेहरा निवला. मग त्यांनी दुसरा कान पुढे केला. देशमुखांनी जन्मात कुणाला दोन फाये लावले नव्हते. लावावे लागले.

तेवढ्यात साहेबांना तळहातांनी कान झाकून उभा असलेला धोंडीराम दिसला. इंजिन थांबल्यावर ते म्हणाले, "देशमुखसाहब, इसको भी लगाओ. सबको लगाओ. रोज लगाओ."

साहेबांच्या पेशकारानं, म्हणजे कारकुनानं, उर्दूत हुकूम लिहिला. फायाबद्दल जसं लिहायची रीत असते तसंच त्यानं लिहिलं: आत येणाऱ्या प्रत्येकाला यजमानानं स्वहस्ते लावावा. वर मोहोर उठली. मोहोर उठली म्हणजे संपलं.

दुसऱ्या दिवसापासून देशमुख अत्तरदाणी घेऊन दारात उभे. चाळीस माणसं, ऐंशी कान. आधी कुणाला, यावरून पहिल्या आठवड्यात दोनदा काम बंद पडलं. शेवटी पहिला मान धोंडीरामाचा ठरला, कारण त्याच्याशिवाय इंजिन हलत नाही. भिवराबाई तर तोंडावर विचारायची, "आज हिना न्हाई का, मालक?" भाकरी खाऊन परत आलं की पुन्हा फाया, कारण हुकमात 'आत येणाऱ्या प्रत्येकाला' असं होतं.

धोंडीरामाची शिट्टी हळूहळू विरत गेली. केशरबाई म्हणाली, आता पुटपुटलं तरी वळून बघतो, भांडायचीबी सोय न्हाई.

पण यजमानानं स्वतःच्या कानात फाया घालायचा नसतो. बरोबरीच्या माणसानं घालायचा, आणि ते सात मानकरी कारखान्याच्या धुरळ्यात पाऊल टाकेनात. देशमुख दिवसभर दारात, उघड्या कानांनी. चार महिन्यांत ते प्रत्येक वाक्याला "काय?" म्हणायला लागले. मला गंमत वाटत होती. धोंडीरामाला वाटली नाही.

एके सकाळी कानांत फाये लावून घेतल्यावर तो आत गेला नाही. अत्तरदाणीतला कापूस त्यानंच उचलला.

"मालक, शिट्टी वाजती ना?"

"काय?"

धोंडीरामानं स्वतःच्या कानाकडे बोट दाखवलं. देशमुखांनी त्याच्या हातातल्या कापसाकडे पाहिलं.

"तुझ्या हातानं?" ते म्हणाले. त्यांना वाटलं आपण हळू बोललो. चाळीस जणांनी ऐकलं.

कुणी हसलं नाही, मीसुद्धा. देशमुखांनी फेटा वर सरकवला आणि मान खाली केली.

"आधी उजवा," ते म्हणाले.

धोंडीरामानं आधी उजवा घेतला.